माणूस ओळखता येत नाही त्यांना

काका, आज दुपारी एक वाजता तुमच्या गॅरेजमधला रेडिओ मी लावला. काकूंनीच फोन करून बोलावलं. म्हणाल्या, "ये रे, आज फ्लोरिडात मॅच आहे ना? घरात आवाजच नाही काही." ड्राइव्हवेच्या कडेला अजून काळपट बर्फाचा ढीग आहे. सीझन सुरू व्हायला दहा दिवस आहेत. ह्या नुसत्या सरावाच्या मॅचेस, त्यात कोण जिंकलं याला काही अर्थ नसतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि तरी एकही चुकवायचा नाहीत. तुमची हिरव्या पट्ट्यांची लॉनचेअर मी उघडली नाही. विंटर टायर्सच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवलेली असते, तिथेच ती आहे.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. तुम्ही मिरजेहून कधी निघालात, विजेच्या कंपनीत किती वर्षं काढलीत, मंडळाचे अध्यक्ष किती वेळा झालात, हे सगळं मंडळाच्या अंकात फोटोसकट छापून येईल. संपादकांनी मलाही लिहायला सांगितलं, "तुझा त्यांचा घरोबा होता, पानभर दे." मी हो म्हटलं आणि बसलो तर एकदम तुमच्याशीच बोलायला लागलो. हे अंकात जाण्यासारखं नाही. एक तर पानभरात मावणार नाही, आणि दुसरं म्हणजे यात माझी एक लबाडी आहे, जी तुम्हाला चार वर्षं सांगायची राहिली.

सुरुवात आठवते का? दोन हजार तीन साल. मी नागपूरहून कॅनडात येऊन जेमतेम पाच महिने झालेले, आणि मीनल मला ओढत मंडळाच्या गणपतीला घेऊन आली होती. शाळेच्या जिममध्ये आरती चाललेली, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि पहिल्या रांगेत रेशमी झब्बा घातलेले एक गृहस्थ डाव्या कानात इअरफोन घालून उभे. टाळ्या बरोबर ठेक्यात, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर मोठा भक्तिभाव. आरती संपल्यावर मी हळूच विचारलं, "काका, स्कोअर काय झाला?" तुम्ही एक डोळा उघडून म्हणालात, "चार-दोन. पण तुला वाटतंय ते क्रिकेट नाही रे हे." मग प्रसादाचा द्रोण हातात देऊन मला पार्किंग लॉटमध्ये नेलंत आणि गाडीच्या रेडिओवर उरलेली मॅच ऐकवलीत. मला एक अक्षर कळलं नाही. मीनल अर्धा तास आत मला शोधत होती.

पुढच्या शनिवारी टोरांटोजवळच्या व्हिटबीतल्या ह्या गॅरेजमध्ये माझी शिकवणी सुरू झाली. लोकांना वाटतं बेसबॉलचं वेड म्हणजे चेंडू किती लांब गेला याचं वेड. तुमचं तसं नव्हतंच. मैदानावर काय चाललंय यापेक्षा ऑफिसात काय चाललंय, यात तुमचा जीव. टीमचा जो जनरल मॅनेजर, त्याला तुम्ही 'कारभारी' म्हणायचात. कोणाला घ्यायचं, कोणाला द्यायचं, कोणाला छोट्या गावातल्या संघात अजून दोन वर्षं पिकू द्यायचं, हे तो ठरवतो, आणि खरी मॅच तो खेळतो, असं तुमचं म्हणणं. जुना कारभारी गेला आणि नवा आला की तुम्ही असे अस्वस्थ व्हायचात की काकू म्हणायच्या, "जसं काही आपल्या घरी सून येतेय."

खेळाडूंची नावंही तुम्ही आपली आपण ठेवलेली. एक सोन्या, एक लंबू, एक रडव्या. इतकी वर्षं ऐकून माझीही अशी गत झालीय की ऑफिसात कोणी खरं नाव घेऊन विचारलं, तर मी आधी मनात भाषांतर करतो.

आणि ती वही. मंडळातल्या मुलामुलींच्या स्थळांची नोंद काकू ठेवायच्या, लाल पुठ्ठ्याच्या मोठ्या वहीत, पुढून. त्याच वहीत मागून तुम्ही तुमची होतकरू पोरं लिहायचात. छोट्या संघांमध्ये खेळणारी अठरा-वीस वर्षांची पोरं, ज्यांची नावं टोरांटोत कुणाला ठाऊक नसायची. आणि लिहायची पद्धत काकूंचीच उचललेली. उंची. शिक्षण. घरची माणसं. स्वभाव. व्यंग असल्यास. अपेक्षा. आणि सगळ्यांत शेवटी शेरा. पहिल्यांदा पान बघितलं तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. एका पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या पोराच्या, पानावर 'घरची माणसं'पुढे लिहिलं होतं, 'आई शिक्षिका, वडील ट्रक चालवतात, धाकटी बहीण हुशार.' मी म्हटलं, "काका, बहिणीचा काय संबंध?" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "बहीण हुशार असली की भावाला लहानपणापासून हरायची सवय असते. अशी पोरं टिकतात."

शेऱ्याबाबत तुम्ही फार कडक. 'द्यायचा', 'द्यायचा नाही' किंवा 'दोन वर्षांनी बघू', यापैकी काहीतरी लिहायचंच. "शेरा कोरा ठेवायचा नाही. कोरा ठेवला म्हणजे माणूस भ्यायला."

एडमंटनचा तो घोटाळा याच वहीमुळे झाला. तिथल्या एका बाईंना आपल्या डॉक्टर मुलीसाठी एका मुलाची माहिती हवी होती. काकूंनी पान क्रमांक सांगितला, आणि तुम्ही वही उलटी धरून झेरॉक्स काढलीत. पाकीट गेलं. आठ दिवसांनी फोन आला तेव्हा मी तिथेच चहा पीत बसलो होतो. काकूंनी स्पीकर लावला होता.

"वहिनी, माहिती अगदी मोकळेपणाने लिहिलीत हो," पलीकडून आवाज आला. "डावखुरा आहे तर आम्हाला काही प्रॉब्लेम नाही. खांद्याची सर्जरी झालीय हेही तुम्ही आधीच सांगितलंत, बरं केलंत. पण एक विचारू का? शेवटी लिहिलंय, 'अजून तीन वर्षं बाहेर द्यायचा नाही.' म्हणजे आईवडील फार पझेसिव्ह आहेत का?"

काकूंनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही फोनजवळ वाकलात आणि शांतपणे म्हणालात, "तो पिचर आहे."

"अय्या! पण मग नोकरी?"

त्यानंतर काकू दोन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. तुमचं मात्र शेवटपर्यंत म्हणणं हेच, की त्या घरात मुलगी सुखात पडली असती.

त्याच डावखुऱ्यावरून आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी डेटाबेसवाला माणूस. मला आकडे कळायला लागल्यावर हा खेळ खरा कळल्यासारखा वाटला. मी रोज लंच अवरमध्ये ऑनलाइन वाद घालायचो आणि संध्याकाळी प्रिंटआउट घेऊन तुमच्याकडे यायचो. माझं गणित सांगत होतं, ह्याला आत्ता ट्रेड करा. आत्ता ह्याच्या बदल्यात मुरलेला खेळाडू मिळेल, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. तुम्ही कागद शेवटपर्यंत वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, "सगळं बरोबर आहे. पण तू त्याला बघितलंयस का?"

तो तेव्हा छोट्या लीगमध्ये होता आणि त्याचा संघ ओटावाला खेळायला येणार होता. शनिवारी सकाळी साडेसहाला तुम्ही माझ्या दारात. काकूंनी दिलेली थालीपिठं, दह्याचा डबा, दोन टोप्या. चार तासांहून जास्त ड्राइव्ह, आणि सगळा रस्ता आपण कारभाऱ्यावरून भांडत गेलो. ते मैदान इतकं रिकामं होतं की आपल्या थालीपिठाचा वास तिसऱ्या रांगेपर्यंत गेला आणि एका सरदारजींनी वळून हिंदीत विचारलं, "भाईसाब, ये क्या खा रहे हो?" तुम्ही त्यांनाही अर्धं दिलंत.

डावखुऱ्याचे चेंडू त्या दिवशी बेदम टोलवले गेले. चौथ्याच डावात त्याला बाहेर काढलं. मला तर मनातून आनंदच झाला, माझं म्हणणं खरं ठरत होतं. तुम्ही मात्र चेंडूकडे बघतच नव्हतात. माझं कोपर दाबून म्हणालात, "आता बघ. आता कळेल." तो बाकावर येऊन बसला, पाणी प्यायला, आणि रिकामी बाटली उठून जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग परत आला आणि त्याच्या जागी आलेल्या पिचरला टाळ्या वाजवायला लागला. तुम्ही खिशातून पेन काढलंत. "लिहून ठेव. द्यायचा नाही."

पुढच्या वर्षी कारभाऱ्याने त्याला दिलाच. तुम्ही तीन दिवस फोन उचलला नाहीत. नव्या गावी तो दोन सीझन असा खेळला की मला तुमच्यासमोर यायची लाज वाटायची, आणि मग पुन्हा खांदा गेला आणि संपला. तुम्ही म्हणायचात, "दोन वर्षं आपल्याकडे खेळला असता." मी म्हणायचो, "खांदा जाणार हे आकड्यांत होतं." ह्या वादात कोण जिंकलं ते आपलं कधी ठरलंच नाही. तुम्ही त्याच्या पानावरचा शेरा कधी बदलला नाहीत, एवढं मला माहीत आहे.

एक सांगतो. घरी मीनल, ऑफिसात बॉस, सगळ्यांना माझ्या आकड्यांचा कंटाळा यायचा. तुम्हाला ते पटायचे नाहीत, पण तुम्ही ते वाचायचात. पेन्सिलने खुणा करून वाचायचात. एकदा तर माझी बेरीज चुकलेली तुम्ही दाखवून दिलीत, आणि दुरुस्त केल्यावर उत्तर माझ्याच बाजूचं आलं. तेही तुम्हीच हसत सांगितलंत. वाद घालायला असा माणूस मला पुन्हा मिळेल असं वाटत नाही.

आता ती गोष्ट.

नवा कारभारी आला तेव्हा बाहेर मंदी होती. ऑफिसात आमच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झालेली. तुम्ही कुठूनतरी वाचलंत की टीमच्या ऑफिसात आकडे समजणारी माणसं घेतायत. पेपरचं कात्रण घेऊन तुम्ही पाऊस असताना चालत माझ्या घरी आलात.

"अप्लाय कर."

"काका, मी? अहो, मी आयुष्यात बॅट धरलेली नाही."

"कारभाऱ्याने तरी कुठे धरलीय? कर म्हणतो ना."

मी हसण्यावारी नेलं. तुम्ही नेलं नाहीत. रोज फोन. शेवटी मी अर्ज लिहिला, तो तुम्ही लाल पेनने असा रंगवलात की मूळ शाई दिसेना. 'आय हॅव बीन अ फॅन' हे वाक्य तुम्ही खोडलंत. "फॅन तिथे पन्नास हजार बसतात. तुला काय दिसतं जे त्यांना दिसत नाही, ते लिही." मी डावखुऱ्याबद्दल लिहिलं. माझे आकडे काय म्हणत होते ते, आणि पाण्याच्या बाटलीचंही.

त्यांनी बोलावलं. स्टेडियमच्या पोटातल्या त्या ऑफिसात मी तीन तास होतो. तुम्ही माझ्याबरोबर टोरांटोला आलात आणि बाहेर बाकावर बसून राहिलात. "मी सोबतीला आलेलो नाही, मला शहरात काम आहे," असं म्हणालात. मी बाहेर आलो तेव्हा तुम्ही त्याच बाकावर होतात आणि डबा उघडलेलाही नव्हता.

दहा दिवसांनी तुम्ही विचारलंत, "काय झालं रे?" आपण इथे, गॅरेजमध्येच होतो. तुम्ही लॉनमोअरचं पातं पुसत होतात. मी म्हटलं, "नाही घेतलं."

तुम्ही फडकं अजून एकदा फिरवलंत. मग पातं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "गाढव आहेत लेकाचे. माणूस ओळखता येत नाही त्यांना."

काका, त्यांनी घेतलं होतं. गुरुवारी दुपारी फोन आला. मी बेसमेंटमध्ये फर्नेसचा फिल्टर बदलत होतो. एका वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, पगार निम्म्याहून कमी, उन्हाळाभर प्रवास. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि सोमवारी नाही म्हणून कळवलं. मीनलला दिवस गेले होते, घराचं कर्ज होतं, मंदी होती, ही सगळी कारणं खरीच होती. मीनल मात्र म्हणाली होती, "तुला करायचं असेल तर बघू काहीतरी." म्हणजे तेही कारण नव्हतं. मला भीती वाटली. त्या ऑफिसात सगळी पंचविशीतली पोरं होती, फटाफट बोलणारी. गॅरेजमध्ये बसून कारभाऱ्याची अक्कल काढणं सोपं आहे. आत जाऊन बसलो असतो आणि माझंच गणित चुकलं असतं, तर मग मी कुठे जाणार होतो?

आणि हे तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही एका ओव्हरकोटवर ह्या देशात उतरलात, पहिला हिवाळा तळघरातल्या एका खोलीत काढलात, आणि त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं मी ऐकलं नाही. तुमच्यासमोर 'मी घाबरलो' म्हणायला माझी जीभ रेटेना. 'त्यांनी घेतलं नाही' हे किती सोपं होतं. एकदा सांगितलं की विषय संपेल असं वाटलं.

विषय संपला नाही. त्यानंतर चार वर्षं तुम्ही माझ्यासाठी त्या टीमशी भांडत होतात. एक ट्रेड फसला की, "बघ, आमच्या नागपूरकराला घेतलं असतं तर हे झालं असतं का?" दिवाळीच्या फराळाला नवखी माणसं आली की त्यांना चिवड्याबरोबर ही कथा. डेंटिस्टच्या खुर्चीत, तोंड बधिर झालेलं असताना, तुम्ही त्या बिचाऱ्याला हेच ऐकवलंत. मी मान खाली घालून बसायचो. "काका, सोडा ना आता."

"का सोडू? माणूस ओळखता येत नाही त्यांना."

मीनल घरी येताना गाडीत म्हणायची, "सांगून टाक रे एकदा. म्हातारा माणूस तुझ्यासाठी ओरडतोय." दोनदा सांगायला आलो होतो. एकदा आपण तुमच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होतो तेव्हा. मी म्हटलं, "काका, एक बोलायचं होतं." तुम्ही फावडं टेकवून माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आधी हे उरक. रस्त्याचा बर्फ लोटणारा प्लाव येऊन पुन्हा तोंडाशी ढीग लावून जाईल." मग मी ते उरकलं आणि घरी गेलो.

दुसऱ्यांदा हॉस्पिटलमध्ये. ह्याच हिवाळ्यात आपल्या टीमने तो मोठा ट्रेड केला. वर्षानुवर्षं जपलेली होतकरू पोरं, तुमच्या वहीतली सहा पानं, एका झटक्यात दिली आणि तयार, नावाजलेले खेळाडू आणले. मी तुम्हाला भेटायला आलो तो तावातावानेच. दहा वर्षांत पहिल्यांदा आकडे तुमच्या बाजूने बोलत होते. "काका, पोरं द्यायला नको होती. सगळं भविष्य विकलं." मला वाटलं, तुम्ही उठून बसाल, म्हणाल, 'आता आलास लायनीवर.'

तुम्ही नाकातली नळी सारखी केलीत आणि म्हणालात, "बरं केलं दिली ते."

"काय?"

"पोरं पिकायला पाच वर्षं लागतात. मला आत्ता जिंकायचंय."

मी चिडलो. खरंच चिडलो. आजारी माणसाशी कोणी असं बोलत नाही. "दहा वर्षं मला काय शिकवलंत मग? डावखुऱ्यासाठी तीन दिवस फोन उचलला नव्हतात!" तुम्हीही आवाज चढवलात, खोकलात, पुन्हा चढवलात. नर्स आत आली आणि म्हणाली, "जेंटलमेन, प्लीज, इज एव्हरीथिंग ओके?" तुम्ही म्हणालात, "ही इज अ गुड बॉय. ही जस्ट डझंट नो बेसबॉल." ती हसून गेली. मी अजून धुमसत होतो. मग तुम्ही माझ्या हातावर हात ठेवून म्हणालात, "उद्या ये. उद्या पुढचं बोलू." त्या हाताखाली माझा हात असताना मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण काकू आल्या, त्यांना घरी सोडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी वादळ झालं आणि हायवे बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला.

तर आज दुपारी मी इथे बसलो होतो. रेडिओवरचा माणूस नव्या खेळाडूंचं कौतुक करत होता. काकू चहा घेऊन आल्या, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या आणि पदराखालून ती लाल वही काढली. "पुढची पानं मी फाडून ठेवलीत, मंडळाला देईन. मागची तुझी. माझ्या काय कामाची?"

मी मागून चाळत गेलो. सोन्या, लंबू, रडव्या. डावखुरा, 'द्यायचा नाही.' ट्रेडमध्ये गेलेल्या सहाही पोरांच्या पानांवर तुमचा आजारातला वेडावाकडा शेरा, 'गेला. सुखी राहो.' आणि मग एक पान. 'नागपूरकर. उंची मध्यम. शिक्षण उत्तम. घरची माणसं: बायको शहाणी. स्वभाव: भिडस्त. व्यंग: बेरीज.' आणि खाली 'शेरा:' लिहून त्यापुढे काहीच नाही.

शेरा कोरा. सबंध वहीत तेवढं एकच पान. मला वाटलं, हे माझ्या खोट्यामुळे. ह्या माणसाला खरं काय ते माहीतच नव्हतं, तर तो शेरा लिहिणार कसा? आणि मला पुढे बसवेना. मी काकूंना सगळं सांगून टाकलं. फर्नेस, फोन, सोमवार, भीती, सगळं. सांगताना रडलो. रेडिओ चालू होता.

काकूंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "अरे, त्यांना ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?" मी विचारलं.

"तू 'नाही घेतलं' म्हणालास ना, त्या रात्री बसून दोन पानी पत्र खरडलं ह्यांनी त्या कारभाऱ्याला. इतका चांगला मुलगा घेत नाही म्हणजे काय. मी म्हटलं, कशाला नसत्या उठाठेवी? ऐकतायत थोडेच! महिन्याने ऑफिसातून उत्तर आलं, दोन ओळींचं. आम्हाला जास्त काही सांगता येत नाही, पण आम्हाला ते हवे होते, त्यांना येणं जमलं नाही याचं आम्हालाही वाईट वाटतं."

"रागावले का?"

"दोन दिवस. मग म्हणाले, 'घाबरला असेल. मीसुद्धा इथे उतरल्यावर विमानतळावरच बाकावर बसून राहिलो होतो दोन तास, बाहेर पडायची हिंमत होईना.' हे मला लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर, तेव्हा कळलं."

मी विचारलं, मग चार वर्षं त्या टीमला शिव्या का देत होते? दिवाळीत, डेंटिस्टकडे, सगळीकडे?

"मीही तेच विचारलं. म्हटलं, त्यांचा काय दोष, कशाला ओरडता रोज? तर म्हणाले, एकदम बंद केलं तर त्याला कळेल ना, मला कळलंय म्हणून."

काका, मी तुमच्यासमोर दहा वर्षं बसलो. तुम्ही एका पोराला पाण्याच्या बाटलीवरून ओळखलंत, आणि मला वाटत राहिलं की समोर बसलेला मी काही तुम्हाला दिसणार नाही. फावडं टेकवून तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, आधी हे उरक. आता वाटतं, मी काय सांगणार हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही मला त्यातून सोडवलंत. तो कोरा शेराही बहुतेक त्यातलाच. वाद आपला मी अजून सोडलेला नाही. पोरं द्यायला नको होती. ऑक्टोबरात सीझन संपेपर्यंत मी हेच म्हणणार आहे, आणि आपण जिंकलो तर तुमच्या फोटोसमोर येऊन कबूल करीन. पण कारभारी म्हणून तुमच्या तोडीचा माणूस मी त्या स्टेडियमच्या ऑफिसात बघितला नाही, आणि मी तिथे तीन तास होतो.

रेडिओवर आपल्या नव्या, नावाजलेल्या पिचरला कुणीतरी जोरात टोलवलं. तीन धावा. काकूंनी भिंतीला टेकवलेल्या खुर्चीकडे बघितलं, मीही बघितलं. ह्या जागी कोणीतरी बोलायची वेळ झाली होती.

"गाढव आहेत लेकाचे," मी म्हटलं. "माणूस ओळखता येत नाही त्यांना."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "असं पुटपुटतोस काय?" त्या म्हणाल्या. "जोरात बोल. हे बोलले की स्वयंपाकघरात ऐकू यायचं मला."